टेमोझोलोमाइड आणि बीड जिल्हा : एक औषध, एक आकडा आणि काही शब्द

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा जो अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यात उस्मानाबाद व बीड ह्या दोन जिल्ह्यांची नोंद एकत्र दिलेली आहे. वयोमानानुसार समायोजित केलेले कर्करोगाचे प्रमाण ह्या दोन जिल्ह्यांतील पुरुषांमध्ये दर लाखास ३९.५ आणि स्त्रियांमध्ये ४९.४ असे त्यात नमूद आहे. त्याच अहवालात दिल्लीच्या पुरुषांचे प्रमाण १४७.० आणि मिझोरममधील ऐजॉल जिल्ह्याचे २६९.४ आहे. देशातील ज्या ज्या प्रदेशांत अशी लोकसंख्याधिष्ठित नोंदणी होते, त्या सर्वांत उस्मानाबाद-बीडचा आकडा पुरुष आणि स्त्रिया ह्या दोहोंच्याही बाबतीत सर्वांत खालचा ठरला.

हा आकडा वाचून समाधान वाटावे की शंका यावी, असा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकापुढे उभा राहतो. मुख, स्तन, गर्भाशयमुख अशा दिसणाऱ्या वा हाताला लागणाऱ्या अवयवांच्या कर्करोगाबाबत ह्या प्रश्नाचे उत्तर एक असेल. कवटीच्या आत वाढणाऱ्या गाठीबाबत ते तसेच असेल, असे गृहीत धरता येत नाही. मेंदूतील अर्बुदावर आज जगभर जे औषध प्रथम दिले जाते, त्या टेमोझोलोमाइडचा इतिहास बहुधा बर्मिंगहॅमच्या प्रयोगशाळेत सुरू होतो आणि २००५ सालच्या एका मोठ्या चाचणीपाशी संपतो. औषधाचा इतिहास म्हणजे संशोधकांचा इतिहास, ही समजूत त्यामागे आहे. ते औषध कोणाच्या हाती पडले, कोणाच्या नाही आणि ज्याच्या हाती पडावयास हवे होते त्याचे नाव तरी कोठे लिहिले गेले काय, हा त्याच इतिहासाचा उत्तरार्ध होय. बीड जिल्हा घेतला असता हा उत्तरार्ध विशेष स्पष्ट दिसतो.

आरंभ शब्दांपासून करणे सोयीचे आहे, कारण रोग मोजण्यापूर्वी त्याला नाव द्यावे लागते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड ह्यांचा विचार एकत्र केलेला आहे. त्यांतील अर्बुद म्हणजे मांसाचा मोठा, स्थिर, हळूहळू वाढणारा, खोल मूळ असलेला आणि न पिकणारा उंचवटा. पूर्वीच्या अर्बुदावर दुसरे उद्भवले तर त्यास अध्यर्बुद, आणि जोडीने किंवा पाठोपाठ दोन झाली तर द्विरर्बुद, अशी सूक्ष्म परिभाषाही तेथे आहे. हाच शब्द संस्कृत गणितात दहा कोटींची संख्या दाखवितो. लीलावतीच्या संख्याक्रमात तो कोटीच्या पुढे आणि अब्जाच्या मागे येतो. गाठ आणि गणती ह्या दोन्ही अर्थांना एकच ध्वनी लाभावा, हा योगायोग असेल. परंतु पुढील विवेचनात तो अनेकदा आठवण्यासारखा आहे.

ग्रंथीपासून मराठीत गाठ आली आणि बीडच्या बोलीत आज तीच वापरात आहे. ‘डोक्यात गाठ झाली’ एवढेच घरचे लोक सांगतात. अर्बुद हा शब्द ग्रंथात आणि वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात राहिला. कर्करोग हा शब्द त्या मानाने नवा. हिपोक्रॅटीसच्या परंपरेतील ग्रीक ‘कार्किनोस’, म्हणजे खेकडा, त्याचे लॅटिन रूप ‘कॅन्सर’ आणि त्याचे आपल्याकडील भाषांतर कर्करोग. ग्रीक कार्किनोस आणि संस्कृत कर्कट हे शब्द सजातीय मानले जातात. तेव्हा ह्या भाषांतरात शब्द परका नाही. परकी आहे ती खेकड्याची कल्पना. आपल्याकडे रोगाला खेकड्याचे रूप पूर्वी कोणी दिलेले नव्हते.

ह्याहून मौजेचा प्रवास ‘रसायन’ शब्दाचा आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा पहिलाच अध्याय रसायनाचा. जरा दूर ठेवणारे, धातूंना बळ देणारे, आयुष्य वाढविणारे ते रसायन. विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिख ह्या जर्मन शास्त्रज्ञाने रासायनिक द्रव्यांनी रोगजंतू नष्ट करण्याच्या पद्धतीस ‘केमोथेरपी’ हे नाव रूढ केले. मराठीत त्याचे ‘रसायनोपचार’ झाले. पेशींना बळ देणारा शब्द अशा रीतीने पेशींना मारणाऱ्या उपचाराच्या वाट्याला आला. रुग्णाचे केस गळतात, रक्तातील पेशी घटतात, अन्न नकोसे होते, आणि ह्या सर्वास नाव मात्र रसायनाचे. बीड जिल्ह्यातील परळीचे ज्योतिर्लिंग वैद्यनाथ म्हणून प्रसिद्ध आहे, आणि समुद्रमंथनातून निघालेले अमृत व धन्वंतरी विष्णूने त्या लिंगातच दडवून ठेवले, अशी स्थानिक परंपरा सांगते. वैद्यांच्या नाथाच्या ह्या भूमीत आरोग्याची भाषा अमृताची आहे. विषाचे मोजून दिलेले थेंब हीच ज्याची पद्धत, असा उपचार त्या भाषेत बसवावयाचा म्हणजे काम सोपे नव्हते.

आणि तो उपचार शब्दशः विषापासूनच निघाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, येल विद्यापीठात गुडमन व गिलमन ह्यांनी मस्टर्ड वायूशी नाते असलेले नायट्रोजन मस्टर्ड लसिका ग्रंथींच्या कर्करोगावर वापरून पाहिले. गाठी विरघळल्या आणि काही आठवड्यांनी परत आल्या. मेंदूच्या बाबतीत मात्र हे विषही निरुपयोगी होते, कारण मेंदूच्या केशवाहिन्यांच्या भिंती इतर अवयवांपेक्षा घट्ट असतात आणि रक्तातील बहुतेक द्रव्यांना त्या आत शिरू देत नाहीत. ही अडचण ओलांडणारा पहिला गट नायट्रोसोयुरियांचा. कार्मुस्टिन व लोमुस्टिन ही लहान आणि मेदात विरघळणारी द्रव्ये १९६० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या चाळणीतून पुढे आली. उंदराच्या मेंदूत रोपण केलेल्या रक्तकर्कपेशींवर ती परिणाम करतात, असे दिसून आले होते. १९७० च्या दशकात त्यांस मान्यता मिळाली.

लोमुस्टिनच्या जोडीला प्रोकार्बझिन आणि व्हिन्क्रिस्टीन घेऊन तीन औषधांचा जो संच तयार झाला, त्यातील तिसरे औषध मराठवाड्याला परके नाही. ते सदाफुलीत आहे. बारमाही फुलते म्हणून सदाफुली. बीडच्या गावागावांत तुळशीवृंदावनाशेजारी, विहिरीच्या कडेला, शाळेच्या कुंपणाशी ती उभी असते. मूळची ती मादागास्करची. लिनियसने तिला ‘विंका’ वर्गात घातले. १८३७ साली जॉर्ज डॉनने त्या वर्गातून काढून ‘कॅथरँथस’ हे नवे नाव दिले. वनस्पतिशास्त्राने विंका हे नाव सोडले, पण औषधाच्या नावात ते टिकून राहिले. स्थळनामांत जुनी भाषा टिकते, तसाच हा प्रकार. जमैकामधून आलेली ह्या पानांची पुडी मधुमेहाच्या शोधासाठी कॅनडातील वेस्टर्न ओंटारियो विद्यापीठात रॉबर्ट नोबल ह्यांच्या हाती पडली. उंदरांची साखर उतरली नाही. त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र नाहीशा होऊ लागल्या. त्यातून नोबल व चार्ल्स बिअर ह्यांनी १९५८ च्या सुमारास व्हिन्ब्लास्टीन वेगळे केले. पुढे एली लिली कंपनीत व्हिन्क्रिस्टीन सापडले आणि १९६३ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टीनसाठी सुमारे अर्धा टन वाळलेली पाने लागतात. तेव्हा अंगणातील झाडाची पाने चघळून अर्बुद बरे होईल, ही समजूत सर्वथा चुकीची आणि घातकही आहे. ही पाने विषारी असतात.

ह्या संचाविषयी आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. व्हिन्क्रिस्टीन मेंदूत फारसे पोहोचत नाही, हे औषधशास्त्र्यांना पुष्कळ दिवसांपासून ठाऊक आहे. तरीही संचातून ते काढून टाकण्याचे धैर्य चाचण्यांनी दाखविले नाही. कारण संच म्हणून तो उपयोगी ठरत होता. विकिरणाच्या जोडीने हा संच दिल्यास, गुणसूत्रांतील विशिष्ट दोन तुकडे गळालेल्या ऑलिगोडेंड्रोग्लायोमाच्या रुग्णांचे मध्यक आयुष्य ७.३ वर्षांवरून १४.७ वर्षांवर गेले, असे एका अमेरिकी चाचणीने २०१३ साली दाखविले. ह्या यशात सदाफुलीचा वाटा किती, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

परंतु प्रौढांच्या मेंदूतच उद्भवणाऱ्या कर्करोगी गाठींपैकी सर्वांत सामान्य आणि सर्वांत क्रूर अशी जी ग्लायोब्लास्टोमा, तिच्यापुढे ही सर्व औषधे जवळजवळ हतबल होती. बेली व कुशिंग ह्यांनी १९२६ साली मेंदूच्या अर्बुदांचे वर्गीकरण केले. त्यानंतर पाऊणशे वर्षांत शस्त्रक्रिया आणि विकिरण ह्यांपलीकडे तिच्याविरुद्ध फारसे काही हाती लागले नाही.

टेमोझोलोमाइडचा जन्म बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन विद्यापीठात झाला. तेथे माल्कम स्टीव्हन्स ह्यांच्या मार्गदर्शनाखाली १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून नायट्रोजनाचे अणू एकमेकांस लगटून असलेल्या वलयांचा अभ्यास चालू होता. हेतू औषधाचा कमी आणि रसायनाचा अधिक होता. अशी वलये टिकतात कशी, हेच मूळ कुतूहल. त्यांच्या गटातील रॉबर्ट स्टोन ह्या विद्यार्थ्याने इमिडाझोटेट्राझिन गटातील पहिली संयुगे तयार केली. त्यांतील पहिले महत्त्वाचे संयुग मिटोझोलोमाइड. आरंभी त्याला ‘अ‍ॅझोलास्टोन’ असे नाव होते, आणि त्या नावाच्या पोटात विद्यापीठाचे नाव स्पष्ट वाचता येते. प्राण्यांवरील प्रयोगांत ते अतिशय प्रभावी ठरले. माणसांवर मात्र त्याने रक्तबिंबिका इतक्या अनिश्चितपणे आणि इतक्या खोल घटविल्या की ते सोडून द्यावे लागले. त्याचेच अधिक सौम्य भावंड टेमोझोलोमाइड.

ह्या नावांच्या घडणीकडे भाषेच्या अभ्यासकाने थोडे थांबून पाहावे. नायट्रोजनासाठी फ्रेंच रसायनज्ञांनी १७८७ साली ‘अझोट’ हा शब्द घडविला. नकारार्थी अ- आणि जीवन ह्या अर्थाचा ग्रीक ‘झोए’ ह्यांपासून, कारण त्या वायूत प्राणी जगत नाही. ‘झोए’ आणि संस्कृत ‘जीव’ ही एकाच मूळ धातूची अपत्ये होत, आणि नकारार्थी अ- तर दोन्हींकडे तोच. म्हणजे अझोट हा शब्द अक्षरशः ‘अजीव’ आहे. टेट्राझिनमधील ‘टेट्रा’ हा संस्कृत ‘चतुर्’ ह्याचा सख्खा भाऊ. वलयातील चार नायट्रोजन अणू त्याने दर्शविले जातात. परका भासणारा हा शब्दसमूह इतका परका नाही. मराठी परिभाषाकारांनी अशी नावे जशीच्या तशी देवनागरीत घेतली, हे योग्यच केले. कुळ एकच असले तरी ‘चतुरजीव’ म्हणून कोणालाही औषध ओळखू आले नसते.

रेणू लहान आहे: सहा कार्बन, सहा हायड्रोजन, सहा नायट्रोजन आणि दोन ऑक्सिजन. त्याचा गुण असा की आम्लात तो टिकतो आणि रक्तासारख्या किंचित अल्क द्रवात आपोआप उकलतो. म्हणून तो तोंडाने देता येतो: जठरातील आम्ल त्यास धक्का लावीत नाही, आतड्यातून तो जवळजवळ पूर्ण शोषला जातो, लहान असल्याने मेंदूत शिरतो, आणि मग पाण्याच्या संपर्काने फुटून त्यातून एक मिथिल गट सुटतो. डाकार्बझिन हे जुने औषध हेच कार्य करण्यासाठी यकृतातील विकरांवर अवलंबून होते. टेमोझोलोमाइडला त्यांची गरज नाही. सुटलेला मिथिल गट पेशीच्या जनुकद्रव्यातील ग्वानिनावर जाऊन बसतो. पेशी विभाजित होताना ती नक्कल चुकीची होते, दुरुस्तीची यंत्रणा पुनःपुन्हा तीच चूक खोडू पाहते, आणि शेवटी पेशी मरते. ज्या पेशींत हा मिथिल गट उचलून काढणारे एमजीएमटी नावाचे प्रथिन भरपूर असते, त्यांच्यावर औषधाचा परिणाम होत नाही.

लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात एडवर्ड न्यूलँड्स ह्यांनी १९८७ मध्ये माणसांवर चाचण्या सुरू केल्या. एकच मोठी मात्रा देऊन फारसे काही साधले नाही; तीच मात्रा पाच दिवसांत विभागून दिल्यावर मेंदूतील गाठी आकसताना दिसल्या. मात्रा तीच, केवळ दिवस बदलले, आणि निष्फळ ठरू पाहणारे औषध उपयोगी ठरले. पुढे शेरिंग-प्लाऊ कंपनीने ते हाती घेतले आणि १९९९ मध्ये अमेरिका व युरोप येथे मेंदूच्या काही पुनरुद्भवी अर्बुदांसाठी त्यास परवाना मिळाला. निर्णायक चाचणी २००५ साली प्रसिद्ध झाली. रॉजर स्टुप ह्यांच्या नेतृत्वाखाली ८५ केंद्रांतील ५७३ ग्लायोब्लास्टोमा रुग्णांपैकी निम्म्यांना केवळ विकिरण आणि निम्म्यांना विकिरणाबरोबर टेमोझोलोमाइड देण्यात आले. मध्यक आयुष्य १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले. अडीच महिने! हा लाभ क्षुल्लक वाटेल. परंतु दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले होते, आणि पाच वर्षांच्या पाठपुराव्यात ते १.९ विरुद्ध ९.८ टक्के राहिले. एमजीएमटीचे जनुक ज्यांच्या गाठीत मिटलेले होते, त्यांना लाभ अधिक झाला. मध्यकाने जे झाकले ते टोकांनी उघड केले. सरासरीवर विसंबणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाने हे ध्यानी घ्यावे.

भारतात हे औषध येण्याची कथा कायद्याची आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी नाकारली होती, केवळ कृतीवर ती मान्य केली होती. जागतिक व्यापार करारामुळे ही स्थिती २००५ मध्ये बदलली. पण बदललेला कायदा १९९५ नंतरच्या अर्जांनाच लागू होणार होता. टेमोझोलोमाइडचा रेणू त्याच्या बराच आधीचा. त्यामुळे भारतीय कंपन्यांना तो मोकळेपणी बनविता आला. तरीही किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरच होती. १९३५ साली ख्वाजा अब्दुल हमीद ह्यांनी मुंबईत स्थापन केलेल्या सिप्ला कंपनीने मे २०१२ मध्ये तीन कर्करोग-औषधांच्या किमती एकाएकी उतरविल्या. त्यांत २५० मिलिग्रॅम टेमोझोलोमाइडची किंमत २०,२५० रुपयांवरून ५,००० रुपयांवर आली. त्याच वर्षी मार्चमध्ये सोराफेनिब ह्या औषधासाठी देशातील पहिला सक्तीचा परवाना नॅटको कंपनीला मिळालेला होता. ह्या दोन घटना एकाच वाऱ्याच्या होत. २०१५ च्या राष्ट्रीय आवश्यक औषधसूचीत टेमोझोलोमाइडचा समावेश होऊन त्याची कमाल किंमत ठरविण्याचा मार्ग खुला झाला. महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढील वर्षी राज्यभर पसरली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले ह्यांच्या नावाने ओळखली जाते आणि तीत कर्करोगाच्या उपचारांचा अंतर्भाव आहे.

म्हणजे कागदावर वाट मोकळी झाली. आता बीडकडे वळावे.

निजामाच्या राज्यातील हा जिल्हा १९४८ साली भारतात आला, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. मुकुंदराज व दासोपंत ह्यांच्या अंबाजोगाईत १९७४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले आणि त्यास स्वामी रामानंद तीर्थ ह्यांचे नाव देण्यात आले. वैद्यकीय महाविद्यालय शहरात असावयाचे, हा नियम मोडणारी ही संस्था आशियातील अशा प्रकारची पहिली मानली जाते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे हे नेते ह्याच गावच्या शाळेत शिक्षक होते. परंतु मेंदूतील अर्बुदासाठी केवळ वैद्य पुरत नाही: गाठ दिसावी म्हणून क्ष-किरणांचे संगणकीय चित्रण, काढावी म्हणून मेंदूशल्यविशारद, तिचा प्रकार ठरविण्यासाठी ऊतितज्ज्ञ आणि नंतर सहा आठवड्यांसाठी विकिरणाचे यंत्र हवे. ही साखळी जिल्ह्यातील रुग्णाला छत्रपती संभाजीनगर, पुणे, सोलापूर वा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे नेते. पैकी शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हे गाव इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे.

बार्शीत १९८० च्या दशकाच्या आरंभी नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय उभे राहिले आणि १९८७ मध्ये तेथे भारतातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्यापूर्वी १९६३ पासून मुंबईत डॉ. जस्सावाला ह्यांच्या पुढाकाराने नोंदणी होत होती. परंतु शहरातील नोंदणी रुग्णालयांच्या दारात बसून करता येते. बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील साडेतीनशेच्या आसपास खेड्यांत रुग्णालयेच नव्हती. म्हणून डॉ. नेने आणि टाटा स्मारकातील डॉ. कस्तुरी जयंत ह्यांनी पद्धत उलटी केली: नोंदणी करणाऱ्यांनीच गावोगाव जावयाचे, लोकांशी बोलावयाचे, लक्षणे समजावून सांगावयाची, संशयित दिसल्यास तपासणीस आणावयाचे. ही नोंदणी बोलीवर चालली. ‘कर्करोग आहे काय’ असे विचारून उत्तर मिळत नाही. न भरणारे तोंडातील जखमेचे व्रण, अंगावरून अवेळी जाणारे रक्त, छातीतील गाठ, असे विचारावे लागते. भाषाशास्त्राला क्षेत्रकार्याची जी शिस्त ठाऊक आहे, तीच येथे वैद्यकाने स्वतंत्रपणे शोधून काढली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पुढे हीच पद्धत उस्मानाबाद व बीड जिल्ह्यांपर्यंत पोहोचली आणि त्यातूनच आरंभी दिलेला ३९.५ हा आकडा आला.

तो आकडा केवळ दुर्लक्षाचे फळ आहे, असे म्हणणे ह्या परिश्रमांवर अन्याय करणारे होईल. बार्शीच्या मूळ क्षेत्रात, जेथे घरोघर शोध घेतला गेला, तेथेही प्रमाण शहरांच्या मानाने कमीच निघाले होते. ग्रामीण जीवनातील काही घटक खरोखरच रोग कमी ठेवीत असले पाहिजेत. तथापि बेरीज विश्वसनीय असणे आणि बेरजेतील प्रत्येक रकाना विश्वसनीय असणे, ह्यांत भेद आहे. स्तनातील गाठ प्रश्नाला उत्तर देते. मेंदूतील गाठ देत नाही. तिची लक्षणे म्हणजे डोकेदुखी, पहाटेची उलटी, एका हाताची कमजोरी, बोलताना शब्द न सापडणे आणि आकडी; ह्यांतील प्रत्येकास मराठीत दुसरे, जुने आणि पुरेसे नाव आधीच आहे. आकडी आली की फेफरे. अंग लुळे पडले की वारा किंवा लकवा. वागणे बदलले की डोक्यावर परिणाम. नाव सापडले की शोध थांबतो. संगणकीय चित्रणाने पहिला मानवी मेंदू लंडनमध्ये १९७१ साली पाहिला गेला, आणि तो अर्बुदाच्या संशयावरूनच. त्या यंत्राखाली डोके गेल्याशिवाय ही गाठ नोंदवहीत जाऊ शकत नाही. म्हणून बीडच्या नोंदीतील मेंदूचा रकाना हा रोगाइतकाच यंत्राच्या अंतराचाही मापक मानावा लागतो.

दुसरी अडचण पंचांगाची आहे. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. ह्या व्यवहारात कोयता म्हणजे केवळ हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी हा एक कोयता. जोडीतील एक आजारी पडले तर दुसऱ्याचाही कोयता मोडतो. काम चुकलेला दिवस म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून वळते होतात. घेतलेली उचल फिटली नाही तर ती पुढील हंगामाच्या डोक्यावर चढते.

ह्या पंचांगाशेजारी टेमोझोलोमाइडचे पंचांग ठेवून पाहावे. विकिरणाचे ३० हप्ते, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. त्या काळात औषधाच्या गोळ्या दररोज, रविवारीसुद्धा, रिकाम्या पोटी. मग चार आठवडे विश्रांती. नंतर अठ्ठावीस दिवसांचे एक आवर्तन, त्यात पहिले पाच दिवस गोळ्या, अशी सहा आवर्तने; प्रत्येकापूर्वी रक्ततपासणी, कारण पांढऱ्या पेशी आणि रक्तबिंबिका घटल्यास मात्रा थांबवावी लागते. एकूण चौतीस आठवडे. सहा आवर्तनांचे १६८ दिवस हा जवळजवळ एका गाळप हंगामाचा काळ आहे. औषध तोंडाने घ्यावयाचे असल्याने रुग्णालयात राहण्याची गरज नाही, हा त्याचा मोठा गुण ग्रंथांत सांगितला जातो, आणि तो खराच आहे. गोळी खोपीतही घेता येते. परंतु रक्ततपासणी खोपीत होत नाही, आणि फडावर पाचट ओढणाऱ्या माणसाच्या रक्तबिंबिका घटल्या असता कोयत्याची एक लहान जखमही धोक्याची ठरते.

किंमत उतरविण्याने जे साधले ते मोठेच आहे. ते नाकारण्याचे कारण नाही. पण २०,२५० रुपयांचे ५,००० झाले, तेव्हा खाड्याचा हिशेब त्यात कोणी धरला नव्हता, आणि शासकीय योजनेच्या दरपत्रकातही त्याला रकाना नाही. औषधाच्या खर्चाची आणि औषध घेण्याच्या खर्चाची भाषा निराळी आहे. पहिली मिलिग्रॅम व रुपयांत लिहिली जाते; दुसरी उचल, खाडा आणि कोयता ह्या शब्दांत.

नोंदणीच्या नियमानुसार रुग्णाची गणना त्याच्या नेहमीच्या निवासाच्या जिल्ह्यात होते, उपचाराच्या जिल्ह्यात नव्हे. हंगामात कोल्हापूर वा सांगलीकडे आकडी येऊन पडलेल्या आणि तेथेच तपासलेल्या कामगाराची नोंद बीडला यावयाची, तर तेथील केसपेपरावर त्याचा मूळ पत्ता नीट लिहिलेला असला पाहिजे. पत्त्याच्या जागी कारखान्याचे नाव आणि टोळीच्या मुकादमाचे नाव असेल, तर तो माणूस दोन्ही जिल्ह्यांच्या वह्यांबाहेर राहतो. नोंदणी करणाऱ्यांनी बार्शीला १९८७ साली खेड्यांकडे जाण्याची जी रीत घातली, ती फडांवर, नोव्हेंबर ते मार्च ह्या महिन्यांत, चालवून पाहण्याजोगी आहे. तेथे विचारावयाचे प्रश्नही ठरविता येतील: पहाटे डोके दुखून उलटी होते काय, आकडी प्रथमच आणि चाळिशीनंतर आली काय, हातातून कोयता अलीकडे निसटू लागला आहे काय.